समुद्राची ट्रायल

आमचे शेजारी परातेकाका प्रत्येक लग्नाला दोनदा जात. एकदा लग्नाच्या दिवशी आणि एकदा आदल्या दिवशी. आदल्या दिवशी इस्त्रीचे कपडे घालून, काकूंना ठेवणीतलं लुगडं नेसायला लावून ते मुहूर्ताच्या वेळेला मंडपात हजर होत. मंडप कसला, तिथे अजून बांबू रोवणं चालू असे. काका त्या बांबूंच्या मधोमध थोडा वेळ उभे राहत, पंगत कुठे बसेल आणि हात धुवायला कुठून जायचं हे पाहून घेत आणि परत येत. एकदा एका वधूपित्याला वाटलं की आपलीच तारीख चुकली. तो बिचारा घामाघूम होऊन धावत आला. काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "घाबरू नका गा. ट्रायल होती."

प्रवासाचंही तेच. गाडी उद्याची असली तर आज बांधलेली वळकटी घेऊन काका नागपूर स्टेशनावर जात, आपला डबा जिथे येईल तिथे उभे राहत, गाडी आली की तिच्याकडे बघत आणि ती सुटली की घरी येत. "बराबर सुटली. आता उद्या जायाले हरकत नाई."

मी मूळची नागपूरच्या रामदासपेठेतली. आमच्याकडे माणसं लग्नाला जेवणाच्या वेळी जातात आणि आहेर करून निघतात. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत मी लग्न होऊन आले, तिथल्या शाळेत शिकवायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात या शेजाऱ्याची ओळख झाली. काका टर्बाइनवर ऑपरेटर. मशीन दुरुस्त झालं की ते एकदम कामाला लावत नाहीत. आधी हळूहळू फिरवून बघतात, आवाज ऐकतात, हात लावून गरम होतंय का पाहतात. काकांनी हा नियम मशीनपुरता ठेवला नाही. "पह्यले ट्रायल, मंग फायनल," हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत की वसाहतीतल्या पोरांनी त्यांचं नावच 'ट्रायलकाका' ठेवलं होतं. पावसाळ्याआधी ते छत्री उघडून अंगणात फिरत. दवाखान्यात जायचं असलं तर आरशासमोर जीभ काढून बघत. काकू सगळं निमूट सोसत. फक्त एकदा मला म्हणाल्या, "पह्यले बी होतेच असे, बाई. पन एवढे नव्हते."

हे दोघं दुसऱ्या केंद्रावरून बदली होऊन आलेले. घरात दोघंच. मूलबाळ नसावं, असं आम्ही धरून चाललो होतो. विचारायची पद्धत नव्हती आणि विचारलं असतं तरी काकांनी आधी उत्तराची ट्रायल घेतली असती.

त्या वर्षी वसाहतीतल्या पाच-सहा घरांना एलटीसी, म्हणजे सरकारी खर्चानं प्रवास, मिळणार होती. क्लबच्या हॉलमध्ये बैठक बसली. समुद्र पाहायचा यावर सगळ्यांचं एकमत होतं, कारण आधी जाऊन आलेल्यांनी आम्हाला वात आणला होता. 'ओल्या वाळूतून अनवाणी चाललं पाहिजे', 'होडीत बसलंच पाहिजे', 'मासे खाल्ले नाहीत तर मग गेलात कशाला', 'आणि सूर्यास्त! सूर्यास्त चुकवू नका हं!' असं सांगताना त्यांचे डोळे अर्धे मिटत. माझं स्पष्ट मत असं आहे की माणसं समुद्र बघायला जात नाहीत, बघून आलो हे सांगायला जातात. पण सांगायला मलाही आवडतं, म्हणून मी गोव्याचं नाव सुचवलं.

मागच्या खुर्चीतून काका उभे राहिले. "मालवन," ते म्हणाले.

सगळे चकित. काकांचं जग उमरेडला सुरू होऊन सावनेरला संपायचं. उमरेडला त्यांच्या घरी अजून हातमाग होता, भाऊ विणत असे. सावनेरला काकूंचं माहेर. मालवण हे नाव त्यांना ठाऊक आहे हेच नवल.

"का बरं, मालवणच का?" फोरमन वानखेड्यांनी विचारलं.

"समुद्र हाय तिथं."

"समुद्र गोव्यालाही आहे."

"तो नाई चालत," काका म्हणाले, आणि लगेच पुढे म्हणाले, "रिझर्वेशन मी करतो. एसटीचं मी पाहतो. राहाचं मी ठरवतो. तुमी फकस्त बसा." वसाहतीत जो राबेल त्याचं गाव, असा कायदा असल्यामुळे मालवण ठरलं. राबणाऱ्याबरोबर ट्रायलही येणार, हे त्या गडबडीत कोणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिली ट्रायल वाळूची. रविवारी सकाळी काकांनी आम्हा सगळ्यांना कन्हानच्या पात्रात नेलं, चपला हातात घ्यायला लावल्या आणि पाण्याच्या कडेकडेनं चालवलं. "मजेत चाला," ते मागून ओरडत होते. "फिरायाले आलो तसं! वानखेडे, तुमी रेशनच्या रांगेत चालल्यासारखे काहून चालून राह्यले?" आमच्या ह्यांचा पाय मुरगळला. काकांना आनंद झाला. "पाहा, इथंच मुरगळला ते बरं झालं. तिथं मुरगळला असता तं?"

मग होडीची ट्रायल. काकांच्या अंगणात बाज टाकली, तिच्यावर दोन-दोन माणसं बसवली आणि केंद्रातल्या चार दणकट मजुरांनी ती चारी कोपऱ्यांनी उचलून हलवायची. देशमुखवहिनी उतरल्या त्या थेट मोरीत गेल्या. काकांनी त्यांना नापास केलं आणि लिंबू चोखत पुन्हा बसायला सांगितलं. वानखेडे बसले तेव्हा सुतळीच तुटली. ते जमिनीवर बसल्या बसल्या म्हणाले, "अन खरोखरच्या होडीत असं झालं तर?"

"तवा मी तुमच्या बाजूले बसनार नाई," काका म्हणाले.

सूर्यास्ताची ट्रायल मात्र मी जन्मात विसरणार नाही. केंद्राची राख जिथे पाण्याबरोबर सोडतात त्या तलावाच्या काठी आम्ही सगळी बायकापोरांसह पश्चिमेकडे तोंड करून उभे. बोलायचं नाही, खायचं नाही, पोरांना दटावायचं नाही. सूर्य चिमणीच्या मागून निघाला आणि राखेच्या पाण्यात हळूहळू उतरला.

"बुडला," देशमुखवहिनी कुजबुजल्या. "आता काय करायचं?"

"आता 'वा' म्हना."

"आणि मग?"

"मंग घरी."

आम्ही सगळे एका सुरात 'वा' म्हणालो. ड्यूटीवरून घरी चाललेला एक माणूस सायकलवरून उतरला आणि काहीतरी मिळतंय असं वाटून आमच्या मागे रांगेत उभा राहिला.

यात थट्टा करण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी ती मनापासून केली. पण एक ट्रायल मला तेव्हाही कळली नव्हती, ती जेवणाची. पराते मंडळी उमरेडची कोष्टी. त्यांच्या घरच्या मटणाचा रस्सा म्हणजे तिसऱ्या घासाला कान गरम व्हायचे. त्या काकांनी मला नारळ आणून दिला, कन्हानचे मासे आणून दिले आणि कोकणातल्यासारखं कालवण करायला सांगितलं. मी कोणाकडून तरी ऐकून पांढरट, आंबटगोड असं काहीतरी केलं. काकांनी पहिला घास घेतला. त्यांचा चेहरा पाहून काकूंनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"हे जेवन आहे का बिमाराचं?" काका म्हणाले. आणि दुसरा घास घेतला.

"नका ना खाऊ मग," मी म्हणाले. "तिथे मटण मिळेल."

"नाई, नाई. सवय पाहिजे." तिसऱ्या घासाला त्यांनी माझ्याकडे तोंड वर केलं. "बाई, तोंड कसं दिसून राह्यलं? नाराज तं नाई दिसत?"

"चांगलंच नाराज दिसतंय."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच कालवण. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. शेवटी काका पूर्ण ताट संपवू लागले. चेहऱ्यावर एक हसू ठेवून, फोटोवाल्यानं 'हलू नका' म्हटल्यावर माणूस हसतो तसं. आम्ही म्हटलं, चला, जुन्या नादांत एका नादाची भर पडली.

मालवणातला सगळा कार्यक्रम काकांना तोंडपाठ होता. पहिल्या दिवशी किनारा, दुसऱ्या दिवशी होडीनं किल्ला, तिसऱ्या दिवशी सकाळी बाजार आणि संध्याकाळी सूर्यास्त. "आणि तिसऱ्या दिवशी दुपारी?" मी एकदा विचारलं.

"तवा ज्यानं त्यानं आपलं आपलं पाहाव."

"त्याची ट्रायल नाही घेतली?" मी चिडवलं. काका हसले नाहीत. खाली मान घालून चपलेचा अंगठा बघत राहिले.

निघायला दोन दिवस उरले होते. शाळेला सुट्टी लागली होती, हे कामावर होते. दुपारी दारावर कडी वाजली. उघडलं तर परातेकाका. नवा सदरा, केसांना तेल, एका हातात पिशवी. मी आपली सवयीनं म्हणाले, "काका, गाडी परवा आहे."

"बाई, एक ट्रायल राह्यली."

"कशाची?"

"दाराची. तुमी आत जा, दार लावा. मी कडी वाजवतो, तुमी उघडा."

मी हसत आत गेले. कडी वाजली. मी उघडलं. "या या, काका!"

"असं नाई," काका म्हणाले. "एवढी हासून नाई उघडनार ते."

"ती कोण?"

काका पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतली.

"सुमन," ते म्हणाले. "माझी पोरगी. मालवनले असते."

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या एरवीच्या बोलण्यापेक्षा फार थोडक्यात सांगितलं. आधीच्या केंद्रावर मालवणचा एक मुलगा वायरमन होता. घरापासून लांब, म्हणून काका त्याला जेवायला बोलवत. पहिल्या दिवशी रस्सा खाऊन त्याच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, तरी दुसऱ्या दिवशी आला. काकांना वाटलं, पोराला मटण आवडलं.

"एक दिवस दोघं संगच आले. सुमी म्हने, बाबा, आमी कोर्टात लग्न केलं. बाई, मशीन चालू करतानी मी चार खेप पाहतो. अन त्या दिवशी बिना ट्रायलचा बोलून गेलो. म्हनलं, या दारात पुन्ना पाय ठेवू नको." काकांनी मांडीवरची पिशवी जवळ ओढली. "तिनं नाई ठेवला. लय शब्दाची पक्की हाय. माझ्यावरच गेली."

"मग पत्र पाठवायचं ना, येतोय म्हणून."

"पत्राले 'येऊ नका' असं उत्तर देता येते."

पिशवीत काय आहे ते त्यांनी दाखवलं. भावानं विणून दिलेलं करवती काठाचं लुगडं आणि काकूंनी भाजलेल्या मसाल्याचा डबा. इतके दिवस ती नारळाचं खाऊन राहिली असेल, तिला रस्सा करून खावासा वाटत असेल, असं काकूंचं म्हणणं. काका म्हणाले, "अन तिनं मले नारळाचं वाढलं, तं माह्या तोंडावर नाराजी दिसाले नको. तेवढ्यानं पुन्ना बिघडाचं." मी तीन रविवार त्या चेहऱ्याला हसले होते.

आम्ही मनापासून ट्रायल घेतली. मी रागानं दार उघडलं. काका एक पाठ केलेलं वाक्य बोलायला लागले आणि मध्येच विसरले. मी तोंड फिरवून उभी राहिले. काकांनी पिशवी द्यायची, तर चुकून रिकामा हात पुढे केला. मग ते म्हणाले, "आता उघडूच नका. दार उघडलंच नाई तं किती वेळ उभं राहाचं, त्याची बी ट्रायल पाहिजे."

मी दार लावून आत उभी राहिले. कडी वाजली. मी हलले नाही. पुन्हा वाजली, हळू. मग बाहेरून आवाज आला, "सुमे, मी हाओ वं. बाबा." मला ते जमेना. मी दार उघडलं. काका कपाळ चौकटीला टेकवून उभे होते.

"तुमी लय लवकर उघडता, बाई," डोळे पुसत ते म्हणाले. "सुमी अशी नाई."

मालवणात पोचलो. आमची तयारी इतकी पक्की झाली होती की खरा समुद्र पाहून कोणाला दचकायलाही झालं नाही. वाळूत सगळे सराईतासारखे मजेत चालले. होडीत देशमुखवहिनी लिंबू चोखत बसल्या आणि वानखेडे चक्क झोपले. होडीवाल्यानं विचारलं, तुम्ही लोक कुठले? नागपूरचे म्हटल्यावर त्याचा विश्वास बसेना. नवखे लोक ओरडतात, फेस बघून टाळ्या वाजवतात. आम्ही तिकीट तपासायला आल्यासारखे पाहत होतो. काकांचं मात्र दोन्ही दिवस कशातच लक्ष नव्हतं. समुद्राकडे त्यांची पाठ आणि डोळे गावाकडे.

तिसऱ्या दिवशी जेवणं झाली आणि काका माझ्या खोलीच्या दारात आले. मागे काकू, अंगावर ठेवणीतलं लुगडं. "बाई, चला. संग कोनी तरी पाहिजे." आमचे हे मासे खाऊन घोरत होते. मी निघाले.

नारळाच्या झाडांमधून जाणारी वाट, पलीकडे लाटांचा आवाज. काका वाटेनं पुटपुटत होते. कडी वाजवायची, मागे सरकायचं, मग नाव घ्यायचं. माणसांना विचारत आम्ही एका बैठ्या कौलारू घरापाशी आलो. काका अंगणाच्या तोंडाशी थांबले आणि त्यांचा सगळा धीर एकदम गळाला.

दार उघडं होतं.

नागपूरची माणसं आम्ही. दुपार झाली की दारंखिडक्या लावून, वाळ्याच्या ताट्या टाकून आत बसणारी. लोक घर असं सताड उघडं टाकून वाऱ्याला पुढच्या दारानं आत आणि मागच्या दारानं बाहेर जाऊ देत असतील, हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. इतक्या ट्रायली झाल्या, पण उघड्या दाराची झालीच नव्हती.

"बाई," काका माझ्या कानाशी म्हणाले, "कडी कोठं वाजवू?"

अंगणात एक बाई वाळत घातलेल्या मासळीवरचे कावळे हाकत होती. पाठमोरी. काकूंच्या तोंडून हुंदका निघाला तशी ती वळली. हातातली काठी तशीच राहिली. काकूंसारखीच उंच, आणि हनुवटी सरळ काकांची.

काका वाक्य विसरले. पिशवी माझ्या हातात देऊन मोकळे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर ते रविवारचं, नारळाच्या कालवणाचं हसू आपोआप येऊन बसलं आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. काय करावं ते न सुचून ते तसेच पुढे गेले, पायरी चढले आणि त्या सताड उघड्या दाराची फळी बोटानं वाजवू लागले.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. रागावली आहे की काय, मला कळेना. मग ती म्हणाली, अजून तशीच आमच्याकडचं बोलत,

"बाबा, हे ट्रायल हाय का फायनल?"

काकांचा हात फळीवरच थांबला.

"फायनल वं, माय," ते म्हणाले. "फायनल."

"मंग बाहेर काहून उभे राह्यले?"

मी पिशवी पायरीवर ठेवली आणि परत फिरले.

संध्याकाळी आम्ही सगळे किनाऱ्यावर शिकवल्याप्रमाणे ओळीत उभे राहिलो. कोणी बोललं नाही, कोणी खाल्लं नाही. सूर्य समुद्रात गेला. 'वा' म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी काकांसाठी मागे वळून पाहिलं, आणि वानखेडे म्हणाले, "अरे, आपला माणूस कुठे गेला?"

त्या दिवशीचा सूर्यास्त काकांनी पाहिलाच नाही. मुलीच्या घरी ते अजून जेवत होते.